आत्मविश्वासाने काम करतो

एप्रिल उजाडला की शाळांमधले शिक्षक एका निराळ्याच लेखनप्रकाराकडे वळतात. त्याला वर्णनात्मक नोंदी म्हणतात. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि नुसते गुण टाकून भागेनासं झालं. प्रत्येक मुलाबद्दल चार शब्द लिहिणं आलं. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे तीन रकाने. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, विषय आठ-नऊ, सत्रं दोन. गुणाकार तुम्हीच करा. साहजिकच या नोंदींच्या तयार पीडीएफ निघाल्या आणि सत्र संपत आलं की त्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतात. 'परिपाठात सहभाग घेतो.' 'कविता तालासुरात म्हणतो.' 'शालेय शिस्त आत्मसात करतो.' 'इतरांशी मिळूनमिसळून वागतो.' आणि बहुतेक प्रत्येक यादीत सापडणारं एक वाक्य: 'आत्मविश्वासाने काम करतो.'

बाकीची वाक्यं मी झरझर लिहिते. कविता तालासुरात म्हणतो की नाही हे कान सांगतात, त्याला विचार करावा लागत नाही. या वाक्यापाशी मात्र पेन थांबतं. व्याकरणाच्या अंगाने त्यात काहीच अवघड नाही. 'करतो'चं 'करते' केलं की झालं. पण ते कुणाच्या नावापुढे लिहायचं?

याद्या नीट वाचल्या तर हा शब्द बहुधा बोलण्याच्या शेजारी बसलेला दिसतो. आत्मविश्वासाने बोलतो, आत्मविश्वासाने उत्तर देतो, आत्मविश्वासाने भाषण करतो. म्हणजे व्यवहारात आपण तो शब्द सभाधीटपणाला देऊन टाकला आहे. आमच्या आजीकडे या मालाची वेगवेगळी मापं होती: चुणचुणीत, धीट, सभाधीट, आणि मर्यादा सुटली की आगाऊ. तिने या चारांतल्या कशालाच आत्मविश्वास म्हटलं नसतं. असो.

तर शब्द मिळतो कुणाला? माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ज्याचा हात छताकडे जातो आणि 'बाई मी, बाई मी' सुरू होतं, त्याला. मला तो मुलगा आवडतो, गैरसमज नको. दुपारच्या तासाला, पोटं भरलेली आणि पंखा बंद असताना, वर्ग जागा असतो तो त्याच्यामुळे. त्याचं उत्तर चुकलं तरी तो तितक्याच दणक्यात दुसरं सांगतो. पण त्या दणक्यात त्याचा स्वतःवर विश्वास किती आणि नुसता उत्साह किती, हे मला अजून कळलेलं नाही. त्यालाही कळलेलं नसावं. अकरा वर्षांच्या माणसाला ते कळायची घाई नाही.

आता दुसरा मुलगा. सहावीचाच. नाव घेत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही.

फळ्यावर भागाकार होता. ४२८४ भागिले १४. हे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण त्यात खड्डा आहे. बेचाळीसला चौदाने तीनदा भाग जातो, बाकी शून्य. आठ खाली घेतला, तर आठाला चौदाने भाग जात नाही. भागाकारात शून्य लिहून मग चार खाली घ्यायचे. निम्मा वर्ग ते शून्य गिळतो आणि उत्तर ३६ काढतो. त्यानेही गिळलं. फळ्यावर ३ लिहिला, आठ आणि चार एकदमच खाली आणले, चौऱ्याऐंशीला सहा, झालं. छत्तीस. मागून आरडाओरडा सुरू झाला. 'चूक, चूक!' 'बाई, मी येऊ?' तीन-चार जण बाकावरून उठलेसुद्धा.

तो वळला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. खडू हातात तसाच धरून फळ्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते. पाढा म्हणत असावा किंवा चौदा शंभर किती होतात ते बघत असावा. मग त्याने उजव्या तळव्याच्या कडेने, करंगळीच्या खालच्या मांसल भागाने, फक्त तो ६ पुसला. डस्टर शेजारीच होतं, घेतलं नाही. डस्टरने सगळंच गेलं असतं. तीन राहू दिला, बेचाळीस राहू दिले, खालचा ४ तेवढा पुसला. शून्य लिहिलं. चार पुन्हा खाली आणले. सहा. ३०६. हात चड्डीला पुसला आणि जागेवर जाऊन बसला.

एवढंच. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल, आणि त्यात तो एक शब्द बोलला नाही.

वर्गात वीसएक वर्षं काढल्यावर मला हे जाणवलं आहे की मुलाचा स्वतःवर किती भरवसा आहे हे उत्तर बरोबर आल्यावर दिसतच नाही. बरोबर आल्यावर सगळेच राजे असतात. ते दिसतं चुकल्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत. घाबरलेलं मूल चुकलं की आधी बाईंच्या तोंडाकडे बघतं. काही मुलं डस्टर उचलतात आणि सगळा फळा साफ करतात, बरोबर असलेल्या पायऱ्यांसकट; वहीत खोडरबराने कागदाला भोक पाडणारीही हीच. काही जण हसतात, म्हणजे चुकणं हा जणू विनोदच होता. आणि एखादाच असा असतो की जो चूक नेमकी कुठून सुरू झाली ते शोधतो, तेवढीच पुसतो आणि तिथून पुढे जातो.

मोठ्यांच्या जगात असं काही मी बघितलं आहे का, असा विचार केला की २०२० चा डिसेंबर आठवतो. शाळा बंद, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर, आणि मी पहाटे पाचला चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर. भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेतला मेलबर्नचा सामना आपल्या पाच वाजता सुरू व्हायचा.

आधीच्या आठवड्यात ॲडलेडला काय झालं ते क्रिकेट न बघणाऱ्यांनाही ठाऊक असेल. १९ डिसेंबरला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. कसोटीच्या इतिहासातली आपली नीचांकी धावसंख्या. (हो, ३६. आमच्या फळ्यावरच्या आकड्याशी त्याचा काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात तो जुळला तो जुळलाच.) त्यातली कमी आठवली जाणारी गोष्ट पहिल्या डावातली आहे. कर्णधार विराट कोहली ७४ वर जमला होता. अजिंक्य रहाणेने चोरट्या धावेसाठी हाक दिली आणि मग नको म्हणून परत पाठवलं. कोहली धावचीत झाला आणि तिथून डाव घसरला. आता तो कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी परतला होता, मोहम्मद शमीचा हात मोडला होता, आणि कर्णधार कोण, तर ज्याच्या हाकेने कोहली बाद झाला तोच.

त्या आठवड्यात पेपरांत, चॅनेलांवर काय चाललं होतं ते आठवून पाहा. मालिका ४-० जाणार, यावर जवळजवळ एकमत होतं.

अशा वेळी आपल्याकडे दोनच गोष्टी अपेक्षित असतात. एक तर गर्जना, नाही तर बचाव. संघाने दोन्ही केलं नाही. कोहलीच्या जागी आणखी एक फलंदाज घालून भिंत उंच करता आली असती. घेतला रवींद्र जडेजा, म्हणजे पाच गोलंदाज. नाणेफेक ऑस्ट्रेलियाने जिंकली. सकाळचा ओलसरपणा, चेंडू नवा, आणि रहाणेने पहिल्या सत्रातच रविचंद्रन अश्विनच्या हाती चेंडू दिला. अश्विनने मॅथ्यू वेडला काढलं आणि स्टीव्ह स्मिथला शून्यावर लेग गलीत चेतेश्वर पुजाराकडे झेल द्यायला लावला. लेग गली ही फलंदाजाच्या मागची, पायांच्या बाजूची जागा सहजासहजी भरली जात नाही. कुणीतरी आधी बसून विचार केलेला असतो. मोहम्मद सिराजची ती पहिलीच कसोटी. महिन्याभरापूर्वी त्याचे वडील गेले होते आणि तो घरी न जाता संघाबरोबर थांबला होता. त्याच्या हातात उपाहारापर्यंत चेंडू दिलाच नाही. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. पोराला आधी मैदानाची सवय होऊ दे, चेंडू थोडा जुना होऊ दे, असं काहीसं असावं, असं मला तेव्हा बघताना वाटलं. नंतर त्याने लाबुशेनला आणि कॅमेरून ग्रीनला घालवलं. ऑस्ट्रेलिया १९५.

कॅमेरा अधूनमधून रहाणेच्या चेहऱ्यावर जायचा. तिथे काहीच नसायचं. गोलंदाजाला मैदानाची जागा दाखवायची झाली तर हात थोडासा हलवायचा, बस. बाजारात भाजी निवडणारा माणूस याहून जास्त हातवारे करतो.

मग फलंदाजी. दोन बाद ६१ वर तो आला आणि तीन धावांत पुजाराही गेला. तिथून ११२ धावा. त्या निर्दोष नव्हत्या. ७३ वर स्लिपमध्ये स्मिथने त्याचा झेल सोडला, शंभरी झाल्यावर आणखी एक सुटला. नशीब होतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जडेजाबरोबर १२१ ची भागीदारी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी जडेजा ४९ वर होता. पन्नाशीची धाव हवी म्हणून त्याने चेंडू ढकलून हाक दिली आणि रहाणे क्रीजच्या अलीकडे राहिला. धावचीत. शतकवीर कर्णधार, दुसऱ्याच्या पन्नासाव्या धावेपायी.

तो क्षण मी नंतर कितीतरी वेळा मोबाइलवर लावून बघितला आहे. जडेजाचा चेहरा पडलेला. रहाणे तंबूकडे जायच्या आधी त्याच्याकडे वळतो, हातमोज्याने त्याला थोपटतो, दोन शब्द बोलतो आणि जातो. आधीच्या सामन्यात याच प्रकारात तो दुसऱ्या टोकाला होता. काय बोलला ते ऐकू येत नाही, पण अंदाज येतो: तू खेळ. चूक घडून गेली होती, पुसायची तेवढी पुसून झाली होती, आणि पुढचा अंक खाली घ्यायचा होता. जडेजाने ५७ केल्या, आपण ३२६, ते दोनशेत आटोपले, आपल्याला हव्या होत्या ७०. आठ गडी राखून जिंकलो. सामनावीराला त्या वर्षी पहिल्यांदाच मुलाघ पदक देण्यात आलं. जॉनी मुलाघ हा १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी संघातला खेळाडू. ते पदक गळ्यात घालतानाही रहाणे जरा अवघडल्यासारखाच दिसत होता.

पुढची कथा तर लहान पोरांनाही पाठ आहे. सिडनीत प्रेक्षकांतून सिराजला वर्णद्वेषी शिव्या आल्या. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय पुढे ठेवला, आणि रहाणे म्हणाला की आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आम्ही खेळणार; सिराजनेच हे नंतर सांगितलं. शेवटच्या दिवशी हनुमा विहारी दुखावलेल्या मांडीनिशी १६१ चेंडू खेळून २३ धावांवर नाबाद राहिला, दुसऱ्या टोकाला अश्विन, आणि सामना अनिर्णित. ब्रिस्बेनला उतरलेल्या पाचही गोलंदाजांच्या आधीच्या कसोट्या एकत्र मोजल्या तर चार भरत होत्या. तिथे सहा बाद १८६ वर आमच्या पालघरचा शार्दुल ठाकूर आला आणि पॅट कमिन्सला षटकार मारून त्याने खातं उघडलं. त्याने ६७, वॉशिंग्टन सुंदरने ६२. शेवटच्या दिवशी शुभमन गिल ९१, ऋषभ पंत नाबाद ८९, तीन गडी राखून जिंकलो. ब्रिस्बेनच्या या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच हरली. रहाणेने करंडक घेतला आणि नवख्या टी. नटराजनच्या हातात दिला. शंभरावी कसोटी खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला संघाच्या सह्यांचा शर्ट दिला. मुंबईत घरी परतल्यावर स्वागताला कांगारूची प्रतिकृती असलेला केक आणला होता. तो कापायला नको म्हणाला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, प्रतिस्पर्ध्याचा मान राखायला हवा, एवढंच त्याचं म्हणणं.

आता मुद्द्याची गोष्ट. मालिका जिंकल्यावर रहाणेच्या चेहऱ्यासाठी विशेषणांची रांग लागली. शांत, संयमी, धीरोदात्त, पाण्यासारखा. मेलबर्नचं ते शतक त्याचं कसोटीतलं बारावं, आणि शेवटचं. २०२१ साली त्याची सरासरी जेमतेम विशीत राहिली आणि २०२२ च्या जानेवारीनंतर तो संघाबाहेर गेला. चेहरा तोच होता हो. तोच, काही न सांगणारा. पण आता त्याच चेहऱ्याला लोक थंड म्हणू लागले. जिद्द दिसत नाही, इंटेंट नाही, अंगात आग नाही. आमच्या स्टाफरूममध्ये तर एका सरांनी 'गणपतीसारखा बसतो' असंही म्हणून घेतलं. हेच सर २०२१ च्या जानेवारीत वर्गात पेढे वाटायला निघाले होते. मुलं घरी असल्यामुळे ते आम्हीच खाल्ले.

म्हणजे आपण त्याच्या वागण्याला नाव देत नव्हतो, धावफलकाला देत होतो. जिंकला की तो आत्मविश्वास आणि हरला की तोच निरुत्साह. शब्द वाक्यात बरोबर बसतो, व्याकरण चुकत नाही, पण तो ज्या गोष्टीला चिकटवायचा तिथे चिकटलेलाच नसतो. २६ डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता निकाल कुणालाच ठाऊक नव्हता. अश्विनच्या हाती चेंडू देण्यातली जी काही ठाम बाब होती ती त्या क्षणी पुरी झालेली होती, सामना हरलो असतो तरी. तिला आत्मविश्वास म्हणायचं असेल तर तेव्हाच म्हणायला हवं. नंतर म्हणणं म्हणजे उत्तर बघून गुण देणं, आणि आम्ही गणिताच्या पेपरात तसं करत नाही. पायऱ्यांना गुण असतात.

रहाणे नंतर परत आला. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर, कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, बोटाला चेंडू लागलेला असताना ८९ केल्या. तो सामना आपण हरलो. पुढच्या वर्षी त्याच्या कर्णधारपदाखाली मुंबईने बेचाळिसावा रणजी करंडक जिंकला. मुंबई क्रिकेटमध्ये ज्याला 'खडूस' म्हणतात ना, ते हेच असावं. खडूस माणूस ओरडत नाही. तो जात नाही, एवढंच.

पण धावफलकाची ही खोड नुसती क्रिकेटपुरती नाही. नेमबाज स्वप्नील कुसळे घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. ५० मीटर रायफल, तीन पोझिशन्स: गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि मग उभं राहून. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. कंपासने मी एकदा मुलांना ते वहीत काढायला लावलं होतं. शर्टाच्या बटणाएवढं झालं. वर्गाच्या दारापासून पलीकडच्या मैदानाच्या टोकाला हे बटण लावलंय असं समजा, म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. 'बाई मी' म्हणणारासुद्धा.

२०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कुसळे अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्याने मारायच्या शेवटच्या टप्प्यात एक गोळी ७.६ ला गेली. एक गोळी. चौथा आला. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही चौथाच. ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे देशासाठीची जागा, त्याने मिळवली ती कैरोच्या त्या चौथ्या क्रमांकावर. दोन्ही वेळा पदक हुकल्यावर त्याच्याबद्दल कुणी 'आत्मविश्वासाने काम करतो' असं लिहिलं नसतं. लिहिलं असतं 'दडपणाखाली ढेपाळतो.' सुधारणा आवश्यक.

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकचं नेमबाजी केंद्र शातोरूत होतं. गुडघ्यावरच्या गोळ्या झाल्या तेव्हा तो सहावा, पालथ्याच्या झाल्यावर पाचवा. मग उभ्याने. बाकीचे एकेक करून बाद होत गेले आणि ४५१.४ गुणांवर कांस्य. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्य मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आम्ही शाळेत ते शेवटचे दहा नेम मोबाइलवर बघितले, पाचवी ते सातवी एका खोलीत कोंबून.

पडद्यावर तो पुतळ्यासारखा होता. रायफल खाली, श्वास, रायफल वर, गोळी. नंतर त्याने सांगितलं की सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पोटात कालवाकालव चालू होती, काळा चहा घेऊन तो आला होता. मला ते फार आवडलं. पोटात कालवाकालव होती आणि हात स्थिर होता, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वेळी खऱ्या होत्या. आत शांतता असते म्हणून माणूस शांत दिसतो असं नाही. आत काय वाटेल ते चालू द्या. पुढची गोळी मारायची कशी हे हाताला माहीत असलं की पुरतं. हांगझोची ती ७.६ त्याला आठवत नसेल असं मला वाटत नाही. पण ती आठवण या गोळीच्या आड आली नाही. फळ्यावरचा ६ पुसला, ३ तसाच राहिला.

मग हे येतं कुठून? जन्मजात असतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मी शाळेत नोकरी करते. जन्मजात म्हटलं तर मला पगार कशाचा मिळतो? रहाणेने एका मुलाखतीत लहानपणीची एक गोष्ट सांगितली आहे. तो डोंबिवलीत वाढला. सरावासाठी लोकलने मुंबई गाठायची. पहिल्या दिवशी वडील सोबत आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता एकटा जा. पोरगा किट घेऊन चढला. वडील त्याच गाडीच्या मागच्या डब्यात चढले होते, त्याला न सांगता, नीट पोचतो की नाही बघायला.

ज्यांनी सकाळी डोंबिवलीची गर्दी बघितली आहे त्यांना यातला थरार वेगळा सांगायला नको. या गोष्टीत मला रस आहे तो मागच्या डब्यात. वडिलांनी पोराला 'तू करू शकतोस, तुझ्यात खूप आत्मविश्वास आहे' वगैरे काही सांगितल्याचं गोष्टीत नाही. त्यांनी काम सोपवलं आणि अंतर ठेवलं. सोबत बसले असते तर मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला असता. घरी बसले असते तर ती बेफिकिरी झाली असती. फळ्याशी मूल अडलं की माझा हात आपोआप खडूकडे जातो, चाळीस वर्षांच्या बाईला भागाकार येतो हे दाखवायची कसली घाई असते कोण जाणे. म्हणून मी आता खिडकीपाशी जाऊन उभी राहते. ओरडणाऱ्यांना हातानेच बसवते. मागचा डबा.

या वर्षी त्या मुलाच्या गणिताच्या नोंदीत 'आत्मविश्वासाने काम करतो' लिहिलं आणि पुढे जोडलं: 'चूक स्वतः शोधतो, तेवढीच दुरुस्त करतो व पुढे जातो.' मोठ्या बाई सही करताना थांबल्या. "हे पीडीएफमध्ये नाही," म्हणाल्या. नाही म्हटलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पुन्हा वाचलं, सही केली.

पालकसभेला त्याचे वडील आले. ट्रक चालवतात, शाळेत क्वचित येतात. प्रगतिपुस्तक हातात धरून बराच वेळ वाचत राहिले आणि मग खुर्ची पुढे ओढून, मुलाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही लिवलंय आत्मविश्वास, पण ह्यो तर चार माणसांत तोंड उघडत न्हाई. पाव्हणे आले की आत पळतो." मुलगा दोन हात अंतरावर उभा होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

मी त्यांच्यापुढे त्याची वही ठेवली. चुकीच्या पायरीवर एक आडवी रेघ, खाली नवी पायरी. पानामागून पान तसंच, एकाही पानाला भोक नाही. त्यांनी तीन-चार पानं उलटली. मान हलवली, पण समाधान झालेलं दिसेना.

"मग वक्तृत्वाला नाव घाला की त्याचं," ते म्हणाले. "धीट तरी व्हईल."

"त्यालाच विचारा," मी म्हटलं.

त्यांनी वळून बघितलं. मुलाने क्षणभर विचार केला, अगदी फळ्यापुढे केला होता तसा, आणि म्हणाला, "नको. मला विज्ञान प्रदर्शनाला घ्या. मॉडेल अर्धं झालंय."

"कसलं मॉडेल?" वडिलांनी विचारलं.

"तुमच्या ट्रकच्या ब्रेकचं."